गोजरबाईचं भरलेलं घर

गोजरबाईच्या घरी पाहुणा आला आन् त्याला घर रिकामं दिसलं, असं तिच्या माहेरी पिंपळगाव रेणुकाईला कधी झालं न्हाई आन् सासरी धावड्यालाबी न्हाई. म्हणजे घरं दोन्ही रिकामीच होती, फक्त पाहुण्याला तशी दिसली न्हाईत. तिला बघायला धावड्याची मंडळी आल्ती, तव्हा तिच्या बापानं दावणीला चुलत्याची बैलजोडी आन् शेजाऱ्याची दुभती म्हैस बांधल्ती. मंग हिकडची मंडळी घर बघायला धावड्याला गेली, तर तिथं ओसरीवर पोत्यांची थप्पी. वरच्या पोत्यात गहू, खालच्या समद्यांत भुसा. लग्न लागलं आन् दुसऱ्या दिवशी दोन्हीकडचं जनावर-पोतं आपापल्या मालकाच्या घरी गेलं. कुणी कुणाला बोल लावला न्हाई. लावायचा तरी कोणत्या तोंडानं?

एवढंच तिचं शिक्षण. पण ते पक्कं होतं.

चार भावांत जमीन वाटल्यावर तिच्या नवऱ्याच्या, तातेरावाच्या वाट्याला शेतापेक्षा बांधच जास्ती आला. मंग दोघं जालन्याला आले. तातेराव मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाल झाला, गोजरबाई बियाण्याच्या कंपनीत दाणे निवडायला जाऊ लागली. सन त्र्याण्णवचा सुमार. बियाण्याच्या कंपन्या आन् सळयांचे कारखाने असे वाढले होते, की घरमालकांचे पाय जमिनीला लागेनात. पत्र्याच्या खोलीचं भाडं असं सांगायचे, की ऐकणाऱ्यानं पत्रा सोन्याचा हाय का काय म्हणून वर बघावं. त्यात यांच्या मालकानं निरोप दिला, दिवाळीच्या आत खोल्या खाली करा, हितं दुकानं काढायचीत.

दिवाळी तोंडावर आल्ती. सारं जालनं फिरून तातेरावाच्या वहाणेचा अंगठा तुटला, पण परवडंल अशी खोली घावली न्हाई. राहता राहिली ‘सावली’. मोंढ्यातल्या चार व्यापाऱ्यांनी आन् दोन रिटायर मास्तरांनी मिळून हा ट्रस्ट काढल्ता. अंबड रोडच्या अंगाला जमीन घेऊन त्यांनी पक्क्या खोल्या बांधल्या. नफा घ्यायचा न्हाई, हमालाला झेपंल एवढाच हप्ता. आता एकच खोली उरल्ती. अट बी एकच, खोली ज्याला खरंच गरज हाय त्यालाच. ती गरज बघायला ट्रस्टचे लोक स्वतः घरी येणार होते.

तातेराव खुशीत घरी आला. “ऐतवारी सकाळी येऊन राह्यले. तू फक्त घर हाय तसं ठेव.”

“हाय तसं?” गोजरबाईनं खोलीभर नजर फिरवली. एक चटई, एक स्टो, दोन पातेली, खुंटीला पिशवी. “पाहुण्याला हे दाखवू?”

“अगं, ते गरिबीच बघायला येऊन राह्यले!”

“ते बघायला येतील. पर आपून दाखवायची का? उद्या म्हणतील, धावड्याच्या माणसाच्या घरात बसायला काई न्हाई. असल्या लोकांला कोण खोली देईल? हप्ता कुठून भरतील म्हणतील!”

तातेरावाला उत्तर सुचायला येळ लागायचा, आन् गोजरबाई तेवढा येळ देत नव्हती.

ऐतवारी सकाळी ती कामाला लागली. डाव्या अंगाच्या पुष्पाबाईचा टीव्ही आणला, कपबश्या आणल्या, स्टीलचे डबे आणून उतरंडीला लावले. उजव्या अंगाला मच्छिंद्र राहायचा, सळईच्या कारखान्यात कामाला. त्याची लोखंडी खुर्ची, गादीसकट खाट, भिंतीवरचं घड्याळ आन् पाण्यानं काठोकाठ भरलेला ड्रम. ड्रम नवरा-बायकोनं मिळून लोटत आणला. नळाला आठ-आठ दिवस पाणी न येणाऱ्या गावात भरलेला ड्रम म्हणजे तिजोरीच. शेवटी तिनं मच्छिंद्राचा टेरिलीनचा निळा शर्ट आणून नवऱ्याच्या अंगात घातला. तातेरावाचं पोट बटनांत मावंना. “श्वास बेतानं घ्या,” ती म्हणली.

“सकाळचे पाहुणे हायेत,” तिनं दोघा शेजाऱ्यांना कबूल केल्तं. “दुपारच्या आत समदं परत.”

पाहुणे आले दुपारी साडेतीनला.

पुढं सुरजमल शेठ, मोंढ्यातले आडते, धोतर आन् काळी टोपी. मागं बद्रीनाथ गुरुजी, छत्री काखेत. शेठजी उंबऱ्यातच थबकले.

“बद्रीनाथजी, पता बराबर हे ना?”

“या शेठजी, खुर्चीवर बसा. गुरुजी, तुम्ही खाटंवर,” गोजरबाई म्हणली. “काई नका बघू, जरा पसाराच हाय. हे तर काईच न्हाई, गावाकडं याच्या दुप्पट पडलंय.”

तातेराव जोरात खोकला. एक बटन तटकन उडालं आन् गुरुजींच्या छत्रीवर आपटलं.

गुरुजींनी टीव्ही पाह्यला, डबे पाह्यले, ड्रममधी डोकावून पाणी पाह्यलं. तोंड आंबट केलं. “तातेराव, ही खोली गरजूंसाठी आहे. तुमचं तर झकास चाललंय.”

“गुरुजी, खरं सांगू का, हे समदं—” तातेरावानं तोंड उघडलं.

“यांला उन्हाची भोवळ येती,” गोजरबाई म्हणली. “च्या टाकला हाय.”

“चहा नको. आम्ही निघतो,” गुरुजी म्हणले. “दुसरं एक कुटुंब आहे, त्यांना देऊ खोली.”

खोली चालली, हे गोजरबाईला कळलं. पण तोंडातून निघालं ते भलतंच. “बिनच्याचं कुणी आमच्या घरातून जात नसतं.” तिनं दारात फतकल मारली. मंग जाणार कुठून? पाहुणे परत टेकले.

तेवढ्यात दारामागून पुष्पाबाईचं तोंड दिसलं. “गोजरे, चारचा सिनेमा सुरू व्हायलाय.”

“मंग ने की टीव्ही,” गोजरबाई दारातून सरकत हसून म्हणली, आन् पाहुण्यांकडं वळली, “बिचारीला सिनेमाचा लई नाद. मी देत असती मधून मधून.”

पुष्पाबाईनं तिच्याकडं असं पाह्यलं, की नजरेनंच वाती पेटाव्यात. ती टीव्ही घेऊन गेली, परत आली, डबे न्यायला लागली. “डबे बी दिऊन राह्यलीस ना मला?” ती गोडीत म्हणली. “लई मोठं मन गं माय तुझं. कपबश्या बी दे.”

“घे की. हितं कोण मोजून राह्यलंय?”

“वा बाई!” सुरजमल शेठ म्हणले. “दिल मोठं हे तुमचं.”

गुरुजी कोरडेच बोलले, “दान करण्याइतकं आहे म्हणजे गरज नाहीच.”

आता आला मच्छिंद्र. त्याला कारखान्यात पाळी होती आन् घरी सासरा आल्ता. त्याला नाटक जमत नव्हतं. त्यानं भिंतीवरचं घड्याळ काढलं, काखेत मारलं आन् म्हणला, “गुरुजी, जरा उठता का? खाट लागती.”

गुरुजी उठले. खाट गेली.

“शेठजी, जरा उठता?”

शेठजी उठले. खुर्ची गेली. मंग मच्छिंद्राचा सासरा स्वतः आला, रामराम घातला आन् ड्रम लोटत घेऊन गेला. वाटेत निम्मं पाणी सांडलं, शेठजींचं धोतर घोट्यापर्यंत भिजलं.

“त्यांच्यात पाण्याची लई तंगी,” गोजरबाई म्हणली. आवाज आता बारीक झाल्ता.

मच्छिंद्र परत दारात. “तातेराव, शर्ट.”

शेवटी गोजरबाईच म्हणली, “द्या काढून. त्याला बाहेर जायचंय.”

तातेरावानं शर्ट काढला. आतली बनियान अशी, की तिच्यात भोकं होती म्हणण्यापेक्षा भोकांभोवती थोडी बनियान होती. बिचारा पहिल्यांदा पोटभर श्वास घेऊन उभा राह्यला.

सुरजमल शेठ आधी गालात हसले, मंग खदखदून. टोपी काढून डोळे पुसले. भिंतीला पाठ टेकून ते उभ्या उभ्याच म्हणले, “बाई, तुम्ही तर सारं देऊन टाकलं. आता घरात काय राह्यलं?”

गोजरबाईनं पाह्यलं. चटई, स्टो, दोन पातेली, खुंटीची पिशवी, उघडा नवरा. “गरीब हाओत” एवढं म्हणलं की खोली मिळत होती. तिचे ओठ हालले, पण तो शब्द काई बाहेर येईना. जन्मात कधी पाहुण्यासमोर काढला नव्हता.

“सध्याला तर काईच न्हाई,” ती म्हणली.

“मंग खोली पाह्यजे का न्हाई?”

“पाह्यजे तर! समदं सामान वापस आल्यावर ठेवायला जागा नगं का?”

गुरुजींची छत्री हातातून गळाली. शेठजी म्हणले, “बद्रीनाथजी, खोली यांचीच. बिलकुल पक्की.”

“पण शेठजी, बाई तर अजूनबी कबूल करून नाही राह्यली!”

“ती मेली तरी करणार न्हाई. आपल्याला दिसलं ना? बस.”

स्टोवर च्या उतू गेला. कप तर एक बी नव्हता. गोजरबाई दारात गेली आन् साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, “पुष्पे! माझ्या कपबश्या दे गं वापस!”

आन् पुष्पाबाईनं दिल्या. पाहुणे हायेत म्हणल्यावर ती तरी काय करणार?

दिवाळीच्या आधी दोघं सावलीच्या खोलीत गेले. सामान एका गाठोड्यात मावलं, ते तातेरावानं खांद्यावर घेतलं. नव्या शेजारणी ओट्यावर उभ्या राहून बघत होत्या. गोजरबाईनं कुलूप काढलं, पदर खोचला आन् रिकाम्या खोलीकडं बोट करून म्हणली, “जरा जागा मोकळी ठेवली हाय. बाकीचं मागून येऊन राह्यलंय.”

त्याला आता दहा वर्षं होऊन गेली. हप्ते फिटले. अजूनबी कुणी बाकीचं सामान कुठं म्हणून विचारलं, तर ती तेच सांगती.