पडताळणीच्या दिवशी मंदा घरी नव्हती

आधीच सांगून टाकतो, या सदरातले अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचत आलो. कुणाला चिंचेखाली बाई दिसते, कुणाच्या गाडीत मागच्या सीटवर कोणी येऊन बसतं... मी ते बायकोला मोठ्यानं वाचून दाखवायचो आणि दोघं हसायचो. धाटावच्या एका केमिकल कंपनीत माझा जन्म गेला. वास आला तर तो कुठल्या व्हॉल्व्हमधून येतोय ते शोधायचं, अंगारा लावत बसायचं नाही, एवढंच मला तिथं शिकवलं. भुताखेतांवर आजही माझा विश्वास नाही. पण जे झालं त्याला काय म्हणायचं ते कळत नाही, आणि मनातली चीड कुठंतरी ओतायची आहे, म्हणून लिहितोय.

आम्ही रोह्याला, नदीपलीकडे अष्टमीत राहतो. मी आणि बायको मंदा. एकुलती मुलगी स्नेहल लग्न करून परदेशात. देशाचं नाव लिहीत नाही, उगाच त्यांना कशाला बोल लावा. स्नेहलला सासू नाही. पहिल्या खेपेला दिवस भरत आले असताना बाळ पोटातच गेलं, आणि तेव्हा माहेरचं कोणीही तिच्याजवळ नव्हतं. जावई चांगला आहे, पण आईची गोष्ट वेगळी. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी पलंगावरून उठायचं नाही म्हणून बजावलं, तेव्हा तिचा फोन आला.

"आई, या वेळी तू पायजेस. बाळ हातात येईपर्यंत हलायचं नाय तू."

"नाय हलत गो," मंदा म्हणाली. "तुझी शपथ."

पेणला पासपोर्ट-व्हिसाची कामं करून देणारा एक एजंट आहे. त्यानं सगळं बघितलं. मंदाच्या पासपोर्टची मुदत संपत आली होती, पण जायला पुरेल एवढी होती. "बिनधास्त पाठवा काका, मुक्काम तिकडेच वाढवून मिळतो," हे त्याचे शब्द. उंटावरून शेळ्या हाकणारे लोक हे. मंदा डिंक, अळीव, सुंठ घेऊन निघाली. शिवाय माहेरचे कडवे वाल. तिचं माहेर गागोदे बुद्रुकचं, तिथं भावाची भाताची नि वालाची शेती आहे. स्नेहलला डोहाळे लागले होते ते नेमके वालाच्या बिरड्याचे! वाल भिजवायचे, मोड आणायचे, एकेक दाणा सोलायचा, मग त्याची उसळ करायची. पण ते वाल तिकडच्या विमानतळावर बियाणं म्हणून काढून घेतले. मंदानं विमानतळावरूनच रडत फोन केला होता.

पोरीला पलंगावर ठेवलेलं, म्हणून मंदा लवकर गेली होती. साहजिकच बाळंतपणाच्या आधीच तिचा व्हिसा संपत होता. मुक्काम वाढवायला जावई तिला घेऊन तिथल्या ऑफिसात गेला, तेव्हा नियम कळला. वाढवून मागितलेला मुक्काम संपल्यावरसुद्धा पुढे सहा महिने पासपोर्ट चालू असायला हवा. जाताना पुरलेला पासपोर्ट राहायला पुरेना! आधी नवा पासपोर्ट आणा, मग मुक्काम. बरं, नवा तिकडच्या आपल्या वकिलातीत मिळतो. पण त्यासाठी इथल्या पत्त्यावर पोलीस पडताळणी.

आता पडताळणी म्हटलं की आपल्याकडे अख्खी आळी कामाला लागते. पोलिसानं विचारलं की सगळ्यांनी "व्हय, इथंच राहतात, चांगली माणसं हायत" म्हणायचं, ही रीतच आहे. मी शेजारच्या बेबीताईला बजावून ठेवलं होतं, "बाई लेकीकडे परदेशी गेलीय, पण घर हेच, एवढंच सांग. जास्त बोलू नको." तिनं दोनदा म्हणूनही दाखवलं.

नेमक्या पडताळणीच्या दिवशी (ते मला मागाहून कळलं) एजंटनं लग्नाच्या दाखल्यासाठी मला पेणला बोलावलं. सकाळी पडवीच्या जाळीला कुलूप घातलं, ओढून बघितलं आणि एसटीनं गेलो. किल्ली माझ्या खिशात. दुसरी मंदाच्या पर्समध्ये, म्हणजे सातासमुद्रापार. संध्याकाळी परत आलो, कुलूप उघडलं... आणि पडवीत जमिनीवर परात. परातीत सोललेले वाल. बाजूला पाण्याच्या वाटीत सालं. ओली होती. मी हात घालून बघितलं.

पहिल्यांदा वाटलं बेबीताई. पण ती आत येणार कुठून? आणि वाल काही दुपारी मनात आलं नि सोलले असं होत नाही. भिजवून मोड यायला दोन दिवस जातात. दोन दिवस मी घरातच होतो. रोज त्याच पडवीत चहा पीत होतो. तरीही मी डोक्याला ताप करून घेतला नाही. परात मागच्या परसात उपडी केली आणि घासून ठेवली. घरात एकटं असलं की माणसाला विसर पडतो, मीच काहीतरी केलं असेल, अशी स्वतःची समजूत घातली.

मंदाला वकिलातीत परत बोलावलं ते काही आठवड्यांनी. काचेपलीकडच्या माणसानं तिला विचारलं, "तुम्ही कोण?"

"मी मंदा. अर्ज माझाच हाय."

"बाई, पोलीस रिपोर्टप्रमाणे अर्जदार रोह्यात राहत्या घरी समक्ष भेटल्या. त्या तिथं आहेत तर इथं माझ्यासमोर कोण आहे?"

मंदाला आधी हसूच आलं म्हणे. मी इथं उभी आहे आणि हे म्हणतात तुम्ही रोह्यात आहात! मग तो माणूस हसत नाही हे तिच्या लक्षात आलं. खुलासा येईपर्यंत पासपोर्ट थांबला.

इकडे मी वड्याचं तेल वांग्यावर काढलं. बेबीताईच्या दारात जाऊन तोंडाला येईल ते बोललो. "इथंच राहते सांग म्हटलं होतं, घरात बसलीय सांग म्हटलं नव्हतं!" ती बिचारी रडायला लागली. "भाऊ, मुलांची शपथ, मी त्या दिवशी नागोठण्याला हळदीला गेलेले. मला कोण पोलीस भेटलाच नाय." आळीतल्या दोघीतिघी हळदीला तिच्यासोबत होत्या. तिचं खरं होतं.

मग मी पडताळणीला आलेल्या हवालदाराला गाठलं. तरुण माणूस, बोलायला नम्र. त्यानं मला बसायला खुर्ची दिली.

"काका, मी काय मनानं लिहीन? काकू पडवीत बसल्या होत्या ना. पुढ्यात परात, वाल सोलत होत्या."

"जाळीला कुलूप होतं."

"नाय ओ, सताड उघडी होती. मी नाव विचारलं, त्यांनी सांगितलं. उठून पाणी दिलं मला. मी म्हटलं, पासपोर्ट कशाला काढताय, तर म्हणाल्या, लेकीला खायचं हाय, तिकडं न्यायचं हाय."

मी मोबाईलवर फोटो दाखवला. चार बायकांच्या घोळक्यात मंदा मागे उभी होती. त्यानं बरोबर तिच्यावर बोट ठेवलं. "ह्याच. बोलताना डावा डोळा बारीक करतात." फोटोत डोळा बारीक नाही. पण मंदा करते. लग्न झाल्यापासून मी तिला त्यावरून चिडवत आलोय.

वालाचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बेबीताईला नाही, मंदालाही नाही.

त्याच दिवशी मंदाला फोन केला. पडताळणीच्या दिवशी तू काय करत होतीस, एवढंच विचारलं. ती म्हणाली, "अवो, त्या दिवशी पोरीनं जेवणाचं ताट बाजूला सारलं. म्हणाली, आई, एक घास बिरडं मिळालं असतं ना, तर मी जेवले असते. मी सैपाकघरात जाऊन उभी राहिले. म्हटलं, आत्ताच्या आत्ता माझ्या पडवीत बसता आलं असतं, तर सोलून दिलं असतं गो तुला. लय रडले मी." मी तिला परातीचं सांगितलं.

तुम्ही म्हणाल, आईची माया. माझ्या भावकीतल्या एकानं तर हात जोडून नमस्कार केला, "वहिनी पुण्यवान!" मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. कसली माया? त्या पडवीतल्या बाईनं माझ्या बायकोचा पासपोर्ट अडवला. ती तिथं बसली नसती तर हवालदारानं कुलूप बघितलं असतं, आळीत चौकशी केली असती, बाई परदेशी आहे असं लिहिलं असतं आणि प्रश्न मिटला असता. कुणी परकं असतं तर शिव्या तरी घातल्या असत्या. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ!

खुलासा काय देणार? हवालदारानं खोटं लिहिलं म्हणू? तो खरं बोलत होता. खरं सांगू? कोण ऐकणार? एजंट म्हणाला, दुसऱ्यांदा पडताळणी मागवू. मागवली. पण व्हिसाची तारीख कुणासाठी थांबत नाही. नव्या पासपोर्टाशिवाय मुक्काम वाढणार नव्हता, आणि तसंच राहावं तर पुढे कायमची बंदी आणि जावयाच्या नोकरीवर गदा. मंदा परत आली. स्नेहलला आठवा महिना होता. निघताना पोरगी पलंगावरून एवढंच म्हणाली, "तुझं मन घरातच होतं ना आई. म्हणून तू तिथं दिसलीस." मंदा हे सांगते तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे बघवत नाही.

नवा पासपोर्ट आला, ती परतल्यानंतर. चांगला दहा वर्षांचा. पण व्हिसा पुन्हा पहिल्यापासून काढायचा होता, आणि तेवढ्यात स्नेहलला ऑपरेशनला घेतलं. जावयालाही बाहेर थांबवलं होतं.

त्याचा फोन आल्याबरोबर मंदा पडवीत जाऊन बसली. भरदुपारी. डोळे मिटले, हात मांडीवर. मी म्हटलं, देवाजवळ बस, इथं काय करतेस? तर माझ्यावर खेकसली, "गप ऱ्हावा! एकदा गेले ना मी इतक्या लांब? मग आता का नाय जाणार?" घामानं तिचं पोलकं भिजलं, ती हलली नाही. मीसुद्धा, सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा, मनापासून म्हटलं, जा. जा बाई, पोरीजवळ जा.

मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत, देवाची कृपा. हे सगळं काय होतं याचा उलगडा मला आजही नाही, आणि कुणी करून दिला तरी त्याचं आता काय करू?

दुसऱ्या दिवशी स्नेहल फोनवर आली. मंदानं बाळाचं वजन विचारलं नाही, रंग विचारला नाही. फोन दोन्ही हातांनी धरून तिनं विचारलं, "मी दिसले का गो तुला? टेबलाजवळ? जराशी तरी?"

स्पीकर चालू होता. पलीकडे बाळ रडत होतं.

"नाय आई," पोरगी म्हणाली. "कुणीच नव्हतं."