पाच तारखेचा आकडा

आमचे हे वीज कंपनीत मीटर वाचतात. सत्तावीस वर्षं झाली. कामाबद्दल कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर, "आकडा बघायचा, लिहायचा, पुढच्या दारी जायचं. त्यात सांगण्यासारखं काय आहे?" इतका रुक्ष माणूस, की मी लग्न कसं केलं याचं मलाच नवल वाटतं.

फक्त महिन्याच्या पाच तारखेला घरी आले की चपला काढता काढता म्हणायचे, "दादांचे अठ्ठावन्न." मी म्हणायचे, "बरं." मोठ्या दिरांबद्दल आमच्या घरात एवढंच बोलणं व्हायचं. नऊ वर्षं.

भांडण सासूबाई गेल्या त्या दिवशीचं. "आई आजारी होती तेव्हा तू होतास कुठे?" असं दादा चार माणसांत बोलले आणि ह्यांनी ते मनाला लावून घेतलं. मी मध्ये पडले, तर दोघांनी मलाच गप्प बसवलं. आणि नशीब बघा, दादांची गल्ली ह्यांच्याच वाट्याला. मीटर बाहेर फाटकापाशी, त्यामुळे दार वाजवायचा प्रश्नच नाही. जाऊबाई वारल्या तेव्हा युनिटं निम्म्यावर आली. थंडीत वाढली की हे म्हणायचे, "दादांचे गुडघे धरले असतील, शेकायला गरम पाणी लागतंय." सगळी विचारपूस भिंतीबाहेरून.

मागच्या हिवाळ्यात हे आले आणि म्हणाले, "दादांचे तीन."

"महिन्याभराचे तीन?"

"घर बंद असेल. तसं लिहून आलो."

"अहो, त्या माणसाने जन्मात कधी चार दिवस घर सोडलं नाही. शेजारी विचारायचं तरी."

"इतरांकडे विचारतो का मी?"

नीट जेवलेही नाहीत. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन निघाले, जिन्यातून परत वर आले. "जाऊन बघू का गं?" माझा राग अजून नाकावर होता. म्हटलं, "मला काय विचारता? भाऊ तुमचा." मग ते सरळ कामावर गेले. ते बोलणं मला आजही टोचतं.

तेरा तारखेला दादांच्या शेजारीणबाईंचा फोन आला. दादा सकाळी हॉस्पिटलमध्ये वारले. सव्वा महिना तिथेच होते म्हणे.

"आम्हाला कळवायचं तरी होतंत," मी म्हटलं.

त्या रडायलाच लागल्या. "कितीदा म्हटलं, भावाला फोन लावते. तर म्हणायचे, नको, पाच तारखेला तो येतोच मीटर बघायला. आकडा बघितला की त्याला कळेल. पाचपासून रोज भेटीच्या वेळेला उशी उंच करून घ्यायचे आणि दाराकडे बघत बसायचे."

हे माझ्या शेजारीच उभे होते. सगळं ऐकू आलं त्यांना. एवढंच म्हणाले, "मला कळलं होतं गं."

आता ज्या घराचा आकडा एकदम उतरलेला दिसेल, तिथे हे दार वाजवतात. "सगळे बरे आहात ना?" एवढंच विचारतात. कुणी पाणी देतं, कुणी तोंडावर दार लावतं. गल्ल्या वेळेत होत नाहीत म्हणून साहेबांनी दोनदा झापलं. मध्ये एक आजी घरात पडलेल्या सापडल्या, वाचल्या. त्यांचा मुलगा पेढे घेऊन आला, तर हे आतल्या खोलीत जाऊन लहान मुलासारखे रडले. पेढे मीच घेतले.

परवा पाच तारीख होती. हे चपला काढत होते आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "दादांचे?"

"शून्य," म्हणाले. "तरी दार वाजवून आलो."