माणची दोन डबे माती

भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये मी अकरा वर्षं यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढली. मग नोकरी सोडली आणि मातीनं चित्रं काढू लागले. माती वस्त्रगाळ करायची, डिंकाच्या पाण्यात कालवायची, ब्रशनं कापडावर चढवायची. तेव्हापासून आमच्या मजल्यावरचा मोरीचा पाइप तुंबला की पहिला संशय माझ्यावर येतो. बहुतेक वेळा तो खराही असतो.

हिंजवडीच्या एका कंपनीनं रिसेप्शनसाठी आठ फुटी चित्र सांगितलं. विषय, इमारती उठण्याआधीचं शेजारचं माण गाव. माती तिथलीच हवी म्हणून मी माणला गेले. एका बांधकामापाशी मातीचा मोठा ढीग होता आणि शेजारी खुर्ची टाकून एक म्हातारे गृहस्थ बसले होते. जमीन पूर्वी त्यांचीच.

"काय पायजे, ताई?"

"माती."

"किती डंपर?"

"दोन डबे."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "दोन डब्यात काय व्हनार?"

"चित्र."

"मग ही नका नेऊ. हा भराव हाय, भायेरनं आणलेला. आमची माती वर हाय."

वर म्हणजे त्यांच्या चार मजली घराच्या गच्चीवर. जमीन दिली तेव्हा त्यांनी शेतातली काळी माती पिंपांत भरून वर नेली होती. त्यात वांगी होती. एका पिंपातली वांगी उपटून त्यांनी माझे दोन्ही डबे भरले. मी नको नको म्हणत होते. "चित्र झालं की दाखवा," एवढंच म्हणाले.

चित्र लागल्यावर मी त्यांना कंपनीत घेऊन गेले. गेटवर सिक्युरिटीवाल्यानं विचारलं, "लॅपटॉप आहे का, बाबा?"

"न्हाई. काठी हाय."

त्यानं रजिस्टरमध्ये काठी लिहून घेतली.

ते चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. समोरचा डोंगर मी बघून काढला होता, शेतं मात्र अंदाजानं.

"विहीर कुठाय?" त्यांनी विचारलं.

विहीर होती हे मला ठाऊकच नव्हतं. एचआरच्या बाई म्हणाल्या, मंजूर झालेल्या चित्रात बदल करायचा तर मेल करावा लागेल. मी मेल केला. नऊ दिवसांनी उत्तर आलं : विहिरीला हरकत नाही.

शनिवारी ऑफिस रिकामं असताना आम्ही पुन्हा गेलो. ते काठीनं दाखवत होते, मी स्टुलावर चढून काढत होते. "डावीकडं. आनखी. हां, तिथं." विहीर रुपयाएवढी झाली.

"पाणी?"

"मातीनं पाणी नाही काढता येत, बाबा."

त्यांनी थोडा विचार केला. "ऱ्हाऊ द्या. चैत्रात कोरडीच असायची."

मग आम्ही मशीनचा चहा घेतला. त्यांना तो आवडला नाही, पण दोन कप प्यायले.