झेरॉक्सबाई आणि निर्लेखन

आमच्या अंगणवाडीच्या बाई कोणत्याही कागदाच्या तीन झेरॉक्स काढत. लग्नाची पत्रिका आली तरी तीन. घाटंजीच्या बाजाराला आम्ही मिरची-मीठ आणायला जायचो, बाई झेरॉक्स काढायला. गावाने त्यांचं नाव झेरॉक्सबाई पाडलं. त्यांना त्याचा राग नव्हता. "माणूस फिरते, कागद फिरत नाही," म्हणायच्या. मला ते कधी पटलं नाही. त्यांचेच अर्ज किती वेळा फिरून परत आले, ते मी पाहिलं आहे.

मी त्यांची मदतनीस. खिचडी शिजवायची, पोरं घरून आणायची, नाकं पुसायची. मी चौथी शिकलेली, त्या सातवी, म्हणून त्या खुर्चीवर आणि मी चुलीपाशी. बाई फार मायाळू होत्या असं लोक आता म्हणतात. तसं काही नव्हतं. पोर रडलं तरी आधी हजेरी पूर्ण करायच्या, मग पोराकडे बघायच्या.

अंगणवाडीची खोली एकच. मागच्या भिंतीला बोट जाईल एवढी भेग होती. रोज सकाळी बाई तिच्यात बोट घालून बघत, कालपेक्षा रुंद झाली का. त्याच भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हाताने अक्षरं, फळं आणि एक मोर रंगवला होता. पोरं त्याला कोंबडा म्हणत. बाई चिडत. पण तो कोंबडाच दिसायचा.

ती कापसाची वाईट वर्षं. बोंडात अळी, मालाला भाव नाही, फवारणीवर फवारणी. बायांना मजुरी सोडता येत नव्हती. एकदा खोली गळते म्हणून चार दिवस बंद ठेवली, तर आईबरोबर वावरात गेलेली एक पोरगी औषधाच्या डब्यातून पाणी प्यायली. वाचली. दुसऱ्याच दिवशी बाई नव्या इमारतीच्या अनुदानासाठी अर्ज लिहायला बसल्या.

अर्ज परत आला, जागेचा उतारा जोडा म्हणून. जोडला. मग ग्रामसभेचा ठराव हवा. तोही जोडला. तिसऱ्यांदा कागद आला त्यात लिहिलं होतं, 'जुन्या इमारतीचे निर्लेखन करून प्रस्ताव सादर करावा.'

बाई दोन दिवस तो शब्द वाचत होत्या. सरपंच म्हणाले, मास्तरला विचारा. मास्तर सुट्टीवर. मी तांदूळ निवडत होते. मी म्हटलं, "निर्मळ म्हंजे मळ नाही. तसं निर्लेखन म्हंजे लेखन नाही. भिंतीवरचं लिहेल पुसा म्हणून राह्यले."

"ते कायले पुसायले लावतीन वं?"

"नव्या भिंतीवर नवं लिहायचं असन."

बाईंनी त्या शब्दाखाली रेघ मारली. मग म्हणाल्या, "चौथीतच काहून सोडली वं तू शाळा?" मला ती शाबासकी वाटली.

आम्ही दोघींनी चुना कालवला. नीट दिसावं म्हणून आधी भेग लिंपली. मोर बाईंनी शेवटाला ठेवला. तीन हात मारले तरी त्याची चोच दिसतच होती.

आठवड्याने इंजिनिअर साहेब आणि सुपरवायझर मॅडम पाहणीला आले. पांढरीशुभ्र खोली बघून साहेब म्हणाले, ही इमारत चांगली आहे, नवी कशाला पाहिजे? बाईंनी तो कागद पुढे केला. साहेबांच्या हातात दिला नाही, स्वतःच कडेला अंगठा दाबून धरून दाखवला, आणि आम्ही निर्लेखन केलं आहे म्हणाल्या. साहेबांना आधी समजेना. समजलं तेव्हा पोट धरून हसले. निर्लेखन म्हणजे इमारत पडायला झाली असं ठरवून सरकारी दप्तरातून तिचं नाव काढणं. आम्ही पडायला झालेली इमारत नवरीसारखी सजवली होती. बाईंनी नखांनी लिंपण उकरून भेग दाखवली. साहेब म्हणाले, आता पुढच्या यादीत बघू.

मॅडमनी विचारलं, "हा अर्थ तुम्हाला सांगितला कोणी?"

मी खिचडी हलवत होते. हलवतच राहिले.

"कोन सांगन?" बाई म्हणाल्या. "मीच लावला."

यादीत आमचं गाव नव्हतं. पावसाळ्याआधी बाईंनी पोरं स्वतःच्या ओसरीत नेली. श्रावणात ती भिंत पडली, तेव्हा खोलीत कोणी नव्हतं. गाव त्यांना निर्लेखनबाई म्हणू लागलं, त्या नावालाही त्या ओ देत. मला कधीतरी शिव्या देतील म्हणून मी वाट पाहिली. दिल्या नाहीत. विचारायचं माझं धाडस झालं नाही.

इमारत मंजूर झाली तोवर बाई वारल्या होत्या. त्यांच्या सुनेने कागदांचं एक गाठोडं माझ्याकडे आणून दिलं. त्यात तो कागद होता. निर्लेखन शब्दाखाली रेघ, आणि कडेला बाईंच्या अक्षरात लिहिलेलं, 'लेखन नाही. कमलानं सांगितलं.' बाईंनी साहेबांपुढे अंगठा ठेवला होता तो नेमका तिथेच.

नेहमीप्रमाणे तीन झेरॉक्सही होत्या. त्या तिन्हींवर माझं नाव स्पष्ट उमटलं आहे. ऊठसूट कागद दाखवणाऱ्या बाईने हाच तेवढा का दाबून धरला, ते मला अजून कळलेलं नाही.