पाण्याचं लिहू का?

ती घटना मी आजवर कोणाला पूर्ण सांगितलेली नाही. पोलिसातली नोकरी संपली, आता सांगतो.

वाशीममधल्या एका खाजगी शाळेतून पालकांच्या मोबाइलवर एका शिक्षिकेबद्दल घाणेरडे मेसेज जात होते. सलग तीन दिवस, सकाळी दहाच्या सुमारास, शाळेच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून. शाळेचा हेडक्लार्क स्वतः ठाण्यात आला.

"साहेब, त्या खुर्चीत ऑपरेटर पोरीशिवाय कोनी बसत नाई. टाइम पाहा ना. ती आली का मेसेज गेला."

खबर पक्की वाटली. मुलगी रिठदहून एसटीने यायची, नोकरीला वर्षही झालं नव्हतं. तिला चौकशीला बोलावलं आणि अटक न दाखवता दोन दिवस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, ठाणे अंमलदाराच्या समोरच्या बाकावर बसवून ठेवलं. कामानिमित्त ठाण्यात येणारी तिच्या गावची माणसं तिला पाहून जात होती. मला ते दिसत होतं. चारचौघांत बसवलं की माणूस लवकर बोलतो, हा माझा अनुभव.

दुसऱ्या दिवशी ती बोलली. "बटन तं मीच दाबलं, साहेब. रोज मीच दाबते. मंग मशीन चालू होयेपर्यंत पानी भराले जाते. मेसेजचं मले काई मालूम नाई."

जबाब लिहिणाऱ्या हवालदाराने पेन थांबवलं. "साहेब, पान्याचं लिहू का?"

"कायले? बटनाचं लिही."

जबाबात उतरलं ते एवढंच: 'बटन मीच दाबले.' खाली तिची सही. बातमी पेपरला मीच दिली, नावासकट. तिची नोकरी गेली.

कॉम्प्युटर तोवर सील करून ठेवला होता. आठवडाभराने ऑफिसात पंचनामा केला. सायबर शाखेच्या शिपायाने नेटची वायर काढली, बटन दाबलं आणि तो बाजूला झाला. खुर्ची रिकामी. आम्ही सगळे उभे. दोनेक मिनिटांत पडद्यावर आपोआप विंडो उघडली, आणि तसलाच मेसेज निघू लागला. वायर नव्हती म्हणून अडकला.

"हात कोनाचा लागला रे?"

"कोनाचाच नाई, साहेब. मशीन सुरू झालं का हा प्रोग्राम बी सुरू व्हावा, असं आत लावून ठेवलं हाय. बटन दाबनाऱ्याले पत्ताही लागत नाई."

मशीनमधल्या नोंदीप्रमाणे प्रोग्राम लावला होता रविवारी. रविवारी ऑफिसची चावी हेडक्लार्ककडे असायची. शिक्षिकेने त्याच्याविरुद्ध तक्रार केलेली होती. अर्ध्या तासात तो कबूल झाला, वर मलाच म्हणाला, "तुमी तं पोरीलेच धरलं, साहेब. मंग मी कायले बोलू?"



तिचा गुन्ह्याशी संबंध नाही, असा कागद घेऊन मी रिठदला गेलो. बाप भाजीपाला पिकवणारा. त्याने कागद हातात घेतला नाही. "नाव पेपरात छापून आलं. हा आता कोनाकोनाले दाखवू?" आत अंधारून आलं होतं. ती स्वयंपाकघरात तशीच बसली होती. बाप उठला, लाइट लावला. "तिच्यानं आता घरातलं बटन बी दाबल्या जात नाई."

अहवालात मी लिहिलं की तांत्रिक बाब उशिरा निष्पन्न झाली. ते खोटं होतं. मेसेज गेला तेव्हा खुर्चीत कोणी नव्हतं, हे तिने दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं. ती रोज पाणी भरायला जाते का, एवढा एक प्रश्न शाळेच्या शिपायाला विचारला असता तरी पुरे होतं. जबाबातलं कामाचं काय आणि बिनकामाचं काय, हे पोलिसाने लिहिण्याआधी ठरवायचं नसतं. हे मला बत्तीस वर्षांच्या नोकरीत एकाच प्रकरणाने शिकवलं, आणि त्याची किंमत माझ्याकडून कोणी घेतली नाही.

तो जबाब अजून फायलीत असेल. त्यात पाणी कुठेच नाही.