खोली नंबर चौदाची कडी

आठ चाळीस झाले की खोली नंबर चौदाची कडी आतून लागायची. घड्याळ पुढे असो, मागे असो, बाहेर धुकं असो की मेट्रो बंद पडलेली असो, कारखानीस मॅम टेबलावर पर्स ठेवायच्या, दाराशी जायच्या आणि खट्‌. त्या आवाजानंतर साक्षात प्राचार्य आले असते, तरी त्यांनाही व्हरांड्यातच उभं राहावं लागलं असतं. कॉलेजातली हिंदी मुलं त्यांना ‘कारखाना मॅम’ म्हणत. आडनाव त्यांच्या जिभेवर बसत नव्हतं हे एक, आणि भोंग्यासारखी वेळ पाळणाऱ्या बाईंना दुसरं काय म्हणणार हे दुसरं.

माझी आणि त्यांची पहिली भेट या कडीच्या दोन बाजूंनी झाली. त्या आत, मी बाहेर. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला मी समाजशास्त्र घेतलं होतं आणि ‘सामाजिक समस्या’ हा पेपर त्या शिकवायच्या. मी राहायची हरियाणात, मानेसरला. बाबांची बदली चाकणच्या कारखान्यातून तिकडच्या कारखान्यात झाली होती. तिथून आधी शेअर ऑटो, मग मेट्रो, मग ई-रिक्षा असं करत दिल्लीतलं कॉलेज गाठायला दोन तास लागायचे. ऑक्टोबरपर्यंत कसंबसं जमलं. थंडी सुरू झाली आणि मी कायमची व्हरांड्यातली झाले.

दुपारचं ट्युटोरियल मात्र मला मिळायचं, आणि खऱ्या मॅम तिथेच दिसायच्या. पहिल्याच ट्युटोरियलला त्यांनी विचारलं, भारतातल्या सामाजिक समस्या कोणत्या? आम्ही गाइड पाठ करून आलेलो. लोकसंख्या, बेरोजगारी, भ्रष्टाचार, प्रदूषण, अशी गाडी सुसाट सुटली. मॅमनी हात वर करून ती थांबवली. “किसकी?” त्या म्हणाल्या. कुणाला कळेना. “समस्या है, ठीक है। रहती कहाँ है? पता बताओ। बिना पते की चिट्ठी तो डाकिया भी नहीं ले जाता।”

तेव्हापासून आमच्या वर्गात समस्येला पत्ता लागायचा. मॅम फळ्यावर मधोमध एक उभी रेघ मारायच्या. डावीकडे ‘माझी अडचण’, उजवीकडे ‘आपली समस्या’. प्रत्येकाने स्वतःची एक अडचण सांगायची, ती डावीकडे लिहायची, मग मॅम विचारणार, आणखी कुणाची? निम्मा वर्ग हात वर करेल तर अडचण रेघ ओलांडून उजवीकडे जाणार, आणि मग तिचा पत्ता शोधायचा. ती कुणाच्या नियमामुळे, कुणाच्या सोयीमुळे, कुणाच्या भीतीमुळे आली? मॅमचा स्वतःचा हात मात्र मोजायचा नाही, हा त्यांचाच नियम.

या रेघेने आमची फार करमणूक केली. ‘मम्मी फोनवर लोकेशन बघते’ ही अडचण एवढ्या जोरात रेघ ओलांडून गेली की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. दिल्लीच्या वेशीवरच्या लोणीहून येणारा तन्वीर म्हणाला, घरमालक नाव विचारतो आणि खोली नुकतीच गेली म्हणतो. त्यावर हात हळूहळू वर गेले, पण गेले. रोहित नावाच्या पोराने उसासा टाकून सांगितलं की त्याचं मन मोडलं आहे. हात एकटा त्याचाच. मॅमनी त्याच्याकडे प्रेमाने पाहिलं. “ये तेरा अपना है बेटा। सँभाल के रख, समाजशास्त्र को मत दे।”

मी मराठी आहे हे कळल्यापासून त्या माझ्याशी वर्गाबाहेर मराठीत बोलायच्या. त्यांचा जन्म पहाडगंजातला, शाळा तिथलीच मराठी, पण भाषेत दिल्ली पुरती मुरलेली. “अच्छा, हे बघ यार, मला ना तुझी ती चाकणची मराठी ऐकायला बिल्कुल माहेरी गेल्यासारखं वाटतं,” म्हणायच्या. त्यांचं माहेर कॉलेजपासून मेट्रोने अर्ध्या तासावर होतं, हा भाग वेगळा. डब्यातली अर्धी पोळी माझ्या हातावर ठेवायच्या, पण हजेरीचा विषय निघाला की बाई एकदम परक्या. “कडी ती कडी. मी एक दिवस ढिली पडले ना, की वर्ग स्टेशन होतं.”

आणि इकडे माझी हजेरी रोज उतरत होती. ती ठरावीक मर्यादेच्या खाली गेली की परीक्षेला बसू देत नाहीत. डिसेंबरमध्ये नोटीस बोर्डावर अशा मुलांची नावं लागली, त्यात माझं होतं. बाबांनी नोटिशीचा फोटो पाहिला आणि शांतपणे म्हणाले, “एवढी धावपळ करून परीक्षेलाच बसवणार नसतील, तर नाव काढू. घरी बसून बाहेरून बी.ए. कर.” आई काही बोलली नाही. आमच्या घरात आई बोलली नाही की निर्णय पक्का झालेला असतो. मी त्या रात्री खूप रडले. घरी बसणं म्हणजे काय, ते मला आमच्या गल्लीतल्या मुलींकडे पाहून नीट ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशीच्या ट्युटोरियलला मॅमनी नेहमीप्रमाणे रेघ मारली आणि पहिलंच बोट माझ्याकडे केलं. म्हटलं, नाहीतरी जायचंच आहे. “मॅम, माझा पहिला तास चुकतो.”

“अलार्म लगा,” त्या म्हणाल्या. वर्ग हसला.

“अलार्म लागतो मॅम. अंधार असतो.” मग मी हिंदीत सगळं सांगून टाकलं. थंडीत सातपर्यंत उजाडत नाही. उजाडल्याशिवाय घरचे बाहेर पाऊल टाकू देत नाहीत. बाबांच्या कंपनीची बस निघते, पण ती कामगारांची. आणि रिकाम्या शेअर ऑटोत अंधारात एकटीने बसायला माझीही छाती होत नाही.

मॅम हसायच्या थांबल्या. त्यांनी डावीकडे लिहिलं, ‘अंधार’. “और किसकी?”

बहादूरगढच्या प्रीतीचा हात वर गेला. मग फरिदाबादच्या दोघी. मग नरेल्याची एक, जी आतापर्यंत कधी तोंड उघडून बोलली नव्हती. मुलींचे हात एकेक करत वर येत राहिले. तन्वीरनेही केला, बहिणीच्या वतीने. हॉस्टेलवाली मुलं प्रामाणिकपणे हात खाली ठेवून बसली. त्यांचं हॉस्टेल फाटकासमोर होतं. मॅमनी मोजलं. निम्मा वर्ग व्हायला एक हात कमी.

मी खाली बघत होते. म्हणजे शेवटी माझीच अडचण. सँभाल के रख.

तेवढ्यात खडू ठेवल्याचा आवाज आला. मॅम फळ्यापाशी हात वर करून उभ्या होत्या.

“मैम, आपका तो गिनते नहीं!” रोहित म्हणाला.

“आज स्टूडेंट वाला हाथ है,” त्या म्हणाल्या. मग टेबलाला टेकून त्यांनी सांगितलं की त्यांच्याही पहिल्या वर्षी कॉलेजचा पहिला तास सकाळचाच असायचा, आणि पहाडगंजच्या त्या हॉटेलांच्या गल्लीतून मुलीने एकटीने निघायचं नाही असा वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, हुकूम होता. अण्णांबरोबर निघायचं. अण्णांचं ऑफिस दहाचं. “पूरा साल गया. त्या तासाला काय शिकवायचे, मला आजही माहीत नाही,” हे वाक्य त्या नकळत मराठीत बोलून गेल्या. मग पुन्हा हिंदीत म्हणाल्या, तेव्हा ठरवलं, आता आयुष्यात उशिरा पोचायचं नाही. आणि दुसऱ्या कुणाला पोचू द्यायचं नाही.

त्यांनी ‘अंधार’ पुसला आणि रेघेच्या उजवीकडे लिहिला. आम्हाला वाटलं, झालं. पण त्या थांबल्या. “पता?” असं स्वतःशीच म्हणाल्या, आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं: खोली नंबर चौदा, आतली कडी.

मला आजवर अनेक विद्वान माणसं भेटली, पण भर वर्गात स्वतःचा पत्ता लिहिणारं एकही नाही.

पुढे त्यांनी वेळापत्रकवाल्या सरांचा पिच्छा पुरवला आणि आपला तास पहाटे उठणाऱ्या आणि बहुतेक हॉस्टेलच्याच मुलांना शिकवणाऱ्या एका राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांशी बदलून घेतला. परीक्षेआधी दुपारचे ज्यादा तास घेतले. हजेरी फुकटात दिली नाही, तासाला बसवून भरून घेतली. आणि एका रविवारी बाबांना फोन केला. “मी कारखानीस बोलतेय,” हे ऐकून बाबा सवयीने उठून उभे राहिले. “अहो, मुलीला उशीर होतो ही तुमची चूक नाही, तिचीही नाही. पण नाव काढलंत ना, तर ती मात्र बिल्कुल तुमची.” बाबा दोनदा “हो मॅडम” म्हणाले. नाव काढायचा विषय पुन्हा निघाला नाही. मी परीक्षेला बसले, पास झाले, पुढे एम.ए. केलं. आता मानेसरलाच कामगारांच्या मुलींसाठी काम करते, आणि मीटिंगमध्ये कुणी ‘इथली मोठी समस्या’ म्हणालं की माझ्या तोंडून आपोआप निघतं, “कुणाची?” लोक वैतागतात.

गेल्या थंडीत मॅम निवृत्त झाल्या. निरोपसमारंभ सकाळी होता. मी उजाडताच निघाले, पण हायवेवर धुक्यात गाड्या जागच्या जागी उभ्या. पोचले तेव्हा चांगलाच उशीर झाला होता. म्हटलं, भाषणं संपली असतील, मागे उभं राहू.

सभागृहाचं दार सताड उघडं होतं आणि त्याला लावलेल्या खुर्चीत, शाल गुंडाळून, मॅम बसल्या होत्या. आत प्राचार्य हातात पुष्पगुच्छ घेऊन ताटकळत होते. पहिल्या रांगेतली मंडळी थंडीने कुरकुरत होती. एक शिपाई दार लावू का म्हणून विचारत होता आणि मॅम त्याला मानेनेच नाही म्हणत होत्या.

मला पाहून त्यांनी घड्याळाकडे बघितलं. सवय, दुसरं काय. मग म्हणाल्या, “ये. चहा संपला. तुझ्या वाटणीची बर्फी ठेवलीये.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. उठल्या, वळून प्राचार्यांना म्हणाल्या, “चलिए सर, शुरू कीजिए. मानेसर आ गया.”

आम्ही दोघी आत गेलो. दार लावायला कुणीच उठलं नाही.