यान उडताना

लहानपणी मुलीला मी कार्टून लावूनच भरवायचे. त्यातली अंतराळवीर मुलगी यान उडवायची तेव्हाच हिचं तोंड उघडायचं. आता खरी माणसं घेऊन त्याचा सिनेमा आलाय. दोन दिवसांनी नोकरीसाठी जर्मनीला जाणारी माझी मुलगी मला तो बघायला घेऊन गेली.

"आई, झोपलीस तर पॉपकॉर्न मी संपवणार हं."

यान उडालं. नायिकेच्या हेल्मेटच्या काचेवर तिच्या श्वासाची वाफ जमली. कार्टूनमध्ये ती नुसत्या रेघांची होती तोवर मला तिची कधी काळजी वाटली नव्हती. निळी पृथ्वी हळूहळू लहान होत गेली. मी शेजारी पाहिलं. मुलीचं तोंड उघडंच होतं. मी पॉपकॉर्नचा एक दाणा भरवला. पडद्यावरची नजर न हलवता तिने तो खाल्ला आणि तोंड पुन्हा उघडलं.